नाशिक पायी पाहावे

नाशिकला कधीच आला नाही असा माणूस आपल्या भागात शोधूनही सापडावयाचा नाही. कोणी बाजाराला आला असेल, कोणी कोर्टाच्या तारखेला, कोणी दवाखान्याच्या कामाने, तर कोणी वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर. शाळांच्या सहलीही दरवर्षी येतात. गाडी पंचवटीत थांबते, मुले दोन-दोनच्या रांगेने उतरतात, तासाभरात चार-पाच देवळे होतात, चिवड्याच्या पुड्या घेतल्या जातात आणि गाडी पुढच्या ठिकाणाला निघते. घरी गेल्यावर आजी विचारते, “काय काय पाहिलेस रे?” मुलगा म्हणतो, “देऊळ.” “कसले?” “काळ्या दगडाचे.” झाले! नाशिक संपले.

यात मुलाचा दोष नाही. गाडीतून रस्ता दिसतो, गाव दिसत नाही. गाव पाहावयाचे तर पायी हिंडले पाहिजे, आणि हिंडताना मनात काही विचारणे असले पाहिजे. म्हणून आज मी आपल्याबरोबर नाशिकची एक वाट चालणार आहे. पंचवटीतून निघून, नदी ओलांडून, जुन्या गावठाणातून वाचनालयापर्यंत. ही सारी वाट तीन किलोमीटरांच्या आत बसते. सकाळी सातला निघालात तर दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत सहज पुरी होते. नंतर एक छोटासा प्रवास गाडीने करावयाचा आहे. त्याचे शेवटी सांगतो.

बरोबर काय घ्यावयाचे? पाण्याची बाटली, टोपी, आणि तीन प्रश्न. पहिला, हे कोणी बांधले? दुसरा, कोणासाठी बांधले? आणि तिसरा, येथे कोणाला येऊ दिले नाही? पहिले दोन प्रश्न आपण नेहमी विचारतो. तिसरा विचारत नाही. पण माझे म्हणणे असे की, हा तिसरा प्रश्न विचारल्याखेरीज कोणत्याही जुन्या गावाची ओळख पुरी होत नाही.

चला तर, काळाराम मंदिरापासून सुरुवात करू.

उंच दगडी तटाच्या आत हे देऊळ उभे आहे. चार बाजूंना चार दरवाजे, आतून कमानींच्या ओवऱ्या, मध्ये सभामंडप आणि त्यामागे शिखराचे मंदिर. बांधकाम सुरू झाले १७८२ साली. बांधविले पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी. दगड आणला दिंडोरी तालुक्यातल्या रामशेजच्या डोंगरातून. रामशेज म्हणजे तोच किल्ला, ज्याने संभाजीमहाराजांच्या काळात मोगलांच्या फौजेला वर्षानुवर्षे दाद दिली नाही. असे सांगतात की, बारा वर्षे रोज दोन हजार माणसे या कामावर राबत होती. ओढेकरांचे नाव राहिले. दगड फोडणारे, गाड्यांवर घालून ते ओढून आणणारे, छिन्नी चालविणारे पाथरवट, यांतल्या एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. मुलांना भिंतीजवळ नेऊन दोन दगडांमधला सांधा बोटाने चाचपायला सांगा. त्या अनामिक माणसांची सही ती तेवढीच.

आता पूर्वेच्या दरवाजाबाहेर या आणि जरा थांबा. आपल्या वाटेवरली सर्वांत महत्त्वाची जागा हीच.

१९३० सालचा मार्च महिना, २ तारीख, रविवार. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १५,००० माणसांची मिरवणूक या देवळाकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे होती ती. शिस्तीने रांगा धरून, मैलभर लांब. मागणी काय? रामाचे दर्शन घेऊ द्या. हिंदू म्हणवतो, रामनवमी आमच्याही घरी होते, मग दरवाजा आम्हालाच का बंद? दरवाजे बंद होते. मिरवणूक वळून गोदावरीच्या घाटावर गेली आणि तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष होते आणि २५ स्त्रिया होत्या. हा आकडा मुलांना जरूर सांगा. ज्या काळी बाईने घराचा उंबरा ओलांडणे कठीण, त्या काळी या पंचवीस बायाबापड्या मार्चच्या उन्हात, पोलिसांच्या पहाऱ्यासमोर, दगडी फरसावर येऊन बसल्या. महात्मा गांधींची दांडीयात्रा साबरमतीहून निघाली ती त्याच महिन्याच्या १२ तारखेला. म्हणजे नाशिकचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा तिला अजून दहा दिवस अवकाश होता.

हे काही एकाएकी घडले नव्हते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले होते. १९२९ मध्ये पुण्याला पर्वतीचा सत्याग्रह झाला होता. पाणी, मग पायरी, मग दरवाजा. नाशिकचा लढा मात्र सर्वांत लांबला. त्याचा सारा भार उचलला तो आपल्याच जिल्ह्यातल्या आंबे-दिंडोरीच्या दादासाहेब गायकवाडांनी. एप्रिल महिन्यात रामाचा रथ निघावयाचा होता. रथ दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून ओढावा अशी तडजोड ठरली होती; पण ऐन वेळी ती मोडली आणि दगडफेक झाली. लढा पुढे सुमारे पाच वर्षे चालला. दरवाजा उघडला नाही. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना कळविले की आता ही चळवळ थांबवावी. आपल्या माणसांची शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळली पाहिजे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी जाहीर केले की, मी हिंदू म्हणून जन्मलो खरा, पण हिंदू म्हणून मरणार नाही. एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात ते शब्द खरे झाले. म्हणजे बघा, नागपूरच्या दीक्षाभूमीकडे गेलेली एक वाट या बंद दरवाजापासून निघाली आहे.

आज हा दरवाजा सर्वांना उघडा आहे. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि मंदिरप्रवेशाचे कायदे झाले. पण कायदा आधी आला आणि माणसे मागून आली, असे झाले नाही. आधी माणसे येऊन बसली, मग कायदा आला. गुरुजींना आणि बाईंना माझी एवढीच विनंती आहे की, या दरवाजापाशी मुलांना पाच मिनिटे बसवा. तुमच्या वर्गात अशी मुले असतील की ज्यांच्या पणजोबांना दरवाजाच्या बाहेर बसावे लागले, आणि अशीही असतील की ज्यांचे पणजोबा आत होते. कोणाकडे बोट दाखवू नका, कोणाला मान खाली घालायला लावू नका. फक्त हकीकत सांगा, तारखेसह सांगा, आणि मग सर्वांनी मिळून आत जा. शंभर पानांच्या नागरिकशास्त्रापेक्षा ती पाच मिनिटे अधिक शिकवून जातील.

येथून जवळच सीतागुंफा आणि पाच वड. पंचवटी हे नाव या वडांवरून, असे आपण मानतो. शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिक, ही कथाही सर्वांना ठाऊक आहे. दुसरे कोणी म्हणतात, नऊ टेकड्यांवर वसले म्हणून ‘नवशिख’, त्याचे नाशिक. कथा ऐकावी, तिची गोडी घ्यावी. पण हे नाव पूर्वी कोणी, कशावर लिहून ठेवले आहे, तेही आपल्याला पाहावयाचे आहे. ते आज वाटेच्या शेवटी, एका डोंगरावर वाचू.

आता शनि चौकाकडे वळा. चौकात उभे राहून मुलांना विचारा, “तुमच्या पायाखाली काय आहे?” मुले म्हणतील, रस्ता. खाली आहे रहाड. रहाड म्हणजे पेशवाईच्या काळातला, जमिनीत बांधलेला खोल दगडी हौद. वर्षभर तो झाकलेला असतो, वरून माणसे आणि गाड्या जातात. रंगपंचमीच्या दिवशी तो उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात, आणि गल्लीतली सारी पोरे त्यात उड्या घेतात. नदीपलीकडे तिवंधा आणि दिल्ली दरवाजा या भागांतही रहाडी आहेत. पाहण्यासारखी वस्तू नेहमी जमिनीच्या वर असते असे थोडेच आहे!

पुढे सरदार चौक. गल्ली अरुंद आहे, उताराची आहे. २००३ च्या सिंहस्थात, २७ ऑगस्टला, शाही स्नानाच्या दिवशी येथे चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक दगावले. दरवर्षी हजारो माणसे या दगडांवरून जातात, पण त्या दिवसाची आठवण फारसे कोणी काढीत नाही. आपण काढू या. सिंहस्थ दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत आला म्हणजे येतो. मागला झाला २०१५ साली. त्यापुढची पर्वस्नाने २०२७ सालची. जुन्या गल्ल्या काही रुंद होत नाहीत. तेव्हा माणसांनीच सावकाश चालावे, हे शहाणपण मुलांना याच चौकात सांगावे.

आणि आता गंगा. हो, नाशिकचा माणूस गोदावरी म्हणत नाही. “जरा गंगेवर जाऊन येतो,” असेच म्हणतो. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून, तीस किलोमीटरांच्या आसपास वाहत आलेली ही नदी येथे वळण घेऊन दक्षिणेकडे जाते, म्हणून या जागेचे माहात्म्य. रामकुंड बांधला १६९६ साली, चित्रराव खटावकर यांनी. पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली. कुंडाजवळ गंगा-गोदावरीचे मंदिर आहे. ते बारा वर्षांतून एकदा, सिंहस्थातच उघडते. समोर पायऱ्या चढून गेले की कपालेश्वर. महादेवाचे देऊळ आणि नंदी नाही! का नाही, त्याची कथा पुजारी सांगतील. मी सांगितली तर तुमची पायऱ्या चढण्याची गोडी जाईल.

घाटावर तीर्थोपाध्ये बसलेले दिसतील. त्यांच्याजवळ जुन्या वह्या असतात. गावाचे नाव, आडनाव सांगितले की वही निघते आणि तुमचे आजोबा, पणजोबा केव्हा आले होते, बरोबर कोण होते, ते वाचून दाखवितात. आपल्या देशात सामान्य कुटुंबांचा इतिहास फार थोड्या ठिकाणी लिहिलेला सापडतो. ही वही अशीच एक जागा. मुलांना एखादी नोंद जरूर दाखवा. कागदाला इतिहास म्हणतात, हे त्यांना तेव्हा कळेल.

नदीत दुतोंड्या मारुती उभा आहे. त्याला दोन तोंडे, म्हणून हे नाव. पावसाळ्यात नाशिककर पूर फुटांत मोजीत नाहीत, मारुतीवर मोजतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. गळ्याशी आले की खालच्या बाजारपेठेतले दुकानदार माल वर हलवायला लागतात. १९६९ चा मोठा पूर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. अलीकडे २००८, २०१६ आणि २०१९ या साली पाणी असेच चढले होते.

आणि उन्हाळ्यात? उन्हाळ्यात कुंडातले पाणी वर गंगापूर धरणातून सुटले तर. कुंडांच्या तळाशी एकेकाळी जिवंत झरे होते. पुढे सोयीसाठी तळाला काँक्रीट घातले गेले. ते काढून झरे मोकळे करावेत म्हणून नाशिकच्या नागरिकांना न्यायालयापर्यंत जावे लागले. पुरातही नदी आपली आणि कोरडीतही आपलीच. गंगा म्हणून हात जोडायचे आणि त्याच हाताने निर्माल्याची पिशवी पाण्यात सोडायची, हे दोन्ही एका दमात होत नाही. मुलांनी पिशवी सोडणाऱ्याला काका म्हणून हाक मारावी आणि नम्रपणे कलश दाखवावा. मोठी माणसे लहानांच्या शब्दाला लवकर लाजतात.

घाटालगतच नारोशंकराचे मंदिर आहे. खरे नाव रामेश्वर. १७४७ साली नारोशंकर राजेबहादूर यांनी बांधविले. दगडावरचे कोरीवकाम निवांत पाहण्यासारखे आहे. पण मुलांची दृष्टी जाते ती तटावरच्या घंटेकडे. प्रचंड घंटा आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. म्हणजे देवळापेक्षा घंटा सव्वीस वर्षांनी थोरली! हे कसे? तर ती मुळात पोर्तुगिजांची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि त्या विजयाची खूण म्हणून घंटा येथे आली. एकेकाळी माणसांना चर्चमध्ये बोलावणारा तिचा आवाज पुढे महादेवाच्या दारात घुमला. धातूला धर्म नसतो हो; तो आपण देतो. आणि ‘नारोशंकराची घंटा’ हे शब्द गावाच्या बोलण्यात असे बसले की, बांधणाऱ्याचे देऊळ मागे पडले आणि घंटा पुढे आली.

आता पूल ओलांडू. पूर्वी याला व्हिक्टोरिया पूल म्हणत. आज नाव अहिल्यादेवी होळकरांचे. नदीच्या वरच्या अंगाला हा पूल, आणि खालच्या अंगाला गाडगे महाराजांच्या नावाचा. एका बाजूला देशभर घाट बांधणारी राणी, दुसऱ्या बाजूला हाती खराटा घेतलेला संत. गाडगेबाबांनी यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा नाशिकमध्ये आहे. स्वतः देवळात न शिरणाऱ्या या माणसाने देवळाला येणाऱ्यांच्या पाठ टेकण्याची सोय केली. दुसऱ्या प्रश्नाचे, ‘कोणासाठी बांधले?’ याचे, इतके स्वच्छ उत्तर दुसरे मिळणे कठीण.

पूल उतरताच सुंदरनारायणाचे मंदिर, १७५६ सालचे, गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेले. दिवस आणि रात्र समान असतात त्या सुमाराला, २१ मार्चला, उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीच्या पायांशी पोहोचतात. भूगोलाच्या शिक्षकांना आणखी काय हवे? विषुवदिन फळ्यावर शिकवायचा तो येथे दगडात बांधून ठेवला आहे.

पुढे रविवार कारंजा, चांदीचा गणपती, आणि तेथून आत गेले की सराफ बाजारातला सरकारवाडा. पेशव्यांचा कारभार येथून चाले, मग इंग्रजांचा चालला. दगडी बांधकाम, सागाचे कोरीव खांब. आता ते राज्य संरक्षित स्मारक आहे. शेजारच्या गल्ल्यांतून भांडी बाजार आणि तांबट आळी. येथे थोडे डोळे मिटून चाला, म्हणजे कान उघडतील. तांब्याच्या घागरीवर हातोडीचा ठोका पडतो, घागर थोडी फिरते, पुन्हा ठोका. याला मठारकाम म्हणतात. हे ठोके नुसते शोभेसाठी नसतात. त्यांनी पत्रा घट्ट होतो, भांडे टणक होते. स्टील आणि प्लॅस्टिक आल्यापासून हे ठोके फार विरळ झाले. पूर्वी लग्नाचा बस्ता आणि भांडी नाशिकलाच, असा आपल्या खेड्यांचा शिरस्ता होता. तुमच्या घरच्या माळ्यावर एखादा जुना हंडा असेल, तर तो कदाचित याच आळीतून आला असेल.

याच जुन्या गावात तिळभांडेश्वराची गल्ली आहे. सावरकर बंधूंनी येथे तरुणांची मित्रमेळा ही संघटना उभी केली. १९०४ साली तिचेच अभिनव भारत झाले. पायाने अधू असलेले कवी गोविंद याच मंडळींतले. आणि याच गावठाणात विजयानंद नाट्यगृह होते. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री तेथे गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ नाटक होते. जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती, त्यांच्या निरोपाचा प्रयोग. ते आत येत असता अनंत कान्हेरे या तरुण विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना त्याच वर्षी जन्मठेप काळ्यापाण्याची शिक्षा झाली होती, तिचा हा सूड. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार होते, लोक त्यांना ‘पंडित’ म्हणत. मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. राज्य परके होते, तरुणांचा जीव तळमळत होता, हे खरे; आणि गोळी लागली तो एक विद्वान माणूस होता, हेही खरे. इतिहास असा दोन्ही हातांनी धरावा लागतो.

आता टिळक पथावर, सार्वजनिक वाचनालयात या. स्थापना १८४० ची. विचार करा, रेल्वे यायची होती, मुंबई विद्यापीठ निघायला सतरा वर्षे होती, आणि नाशिकला वाचनालय होते! काही काळ ते सरकारवाड्यातच होते. ज्या वाड्यात एकेकाळी फक्त हुकूम लिहिले गेले, तेथे लोक येऊन पुस्तके वाचू लागले. ‘सार्वजनिक’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण मुलांना पाटीपुढे उभे करून तो मोठ्याने वाचायला लावा. सर्व जनांचे ते सार्वजनिक. सकाळपासून आपण जे जे पाहिले, तळे, पायरी, दरवाजा, घाट, त्या प्रत्येकाला हा शब्द लागावा म्हणून कोणाला ना कोणाला झगडावे लागले आहे.

येथून थोड्या अंतरावर, टिळकवाडीत, कवी कुसुमाग्रज राहत. विष्णु वामन शिरवाडकर. नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयाचे ते विद्यार्थी. ‘विशाखा’ १९४२ चे, ‘नटसम्राट’ १९७० चे, ज्ञानपीठ पुरस्कार १९८७ सालचा. १० मार्च १९९९ रोजी ते गेले. त्यांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, हा आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो. शाळेशाळेत त्या दिवशी त्यांचा फोटो लागतो. पण फोटोखाली एक गोष्ट सांगायची राहून जाते. विशीच्या उमरीत हा तरुण काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला पाठिंबा देण्यासाठी त्यात सामील झाला होता. सकाळी आपण ज्या दरवाजापाशी थांबलो होतो, तोच हा दरवाजा. दरवाजा सर्वांचा व्हावा असे ज्याला वाटले, त्याचीच पुढे भाषाही सर्वांची झाली, असे मी मुलांना सांगतो.

जेवणे झाली? आता मुंबई-आग्रा रस्त्याने गाडीने आठेक किलोमीटर जाऊ. पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या या माणसाने १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला आणि नंतर नाशिकलाच चित्रपटांचा संसार थाटला. त्यांना नमस्कार करून पायऱ्या चढू. ही पांडवलेणी. नाव पांडवांचे, पण पांडवांशी संबंध काही नाही. ही बौद्ध लेणी आहेत, चोवीस. त्यांतली सर्वांत जुनी दोन हजार वर्षांची. शिलालेखांत या डोंगराला ‘तिरण्हु’ म्हणजे त्रिरश्मी म्हटले आहे.

दहाव्या लेण्यात उषवदात याचा लेख आहे. क्षत्रप नहपानाचा हा जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण नाणी ठेव म्हणून ठेवली. कोठे? जवळच्या गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. २,००० एका संघाकडे, शेकडा दरमहा एक या व्याजाने. १,००० दुसऱ्या संघाकडे, शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल काढायचे नाही, व्याजच वापरायचे. आता गणिताच्या गुरुजींनी खडू घ्यावा. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेख सांगतो की, वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२ द्यावेत. बारा विसे दोनशे चाळीस. हिशेब पैशापैशाला जुळतो! आणि हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविला, असेही तेथे लिहिले आहे. आपल्या सोसायटीचे, पतपेढीचे पणजोबा या भिंतीवर आहेत. राजाचा जावई आपली ठेव विणकरांच्या भरवशावर ठेवीत होता, एवढी त्या कारागिरांची पत होती.

तिसऱ्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचे दान आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. मुलाच्या पराक्रमाचे वर्णन आईच्या दानलेखात वाचायला मिळते. एका लेण्यात दाता आहे मुगूदास नावाचा दाशक. दाशक म्हणजे कोळी, असा अर्थ अभ्यासक करतात. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा तर उत्तरेकडून आलेला यवन. राजमाता, कोळी, परदेशी. एकाच डोंगरात, एकाच दगडात.

आता शेवटचे ठिकाण, अठरावे लेणे. हे चैत्यगृह, प्रार्थनेची जागा. दारावरचे कोरीवकाम पाहा. दारावर एक लहानसा लेख आहे. त्याचा अर्थ असा: नासिककरांच्या धंभिक गावाचे दान. आपल्या शहराचे नाव दगडावर कोरलेले आपण वाचले ते हे. आणि देणारा कोण? राजा नाही, सरदार नाही, सावकार नाही. एक गाव. सर्व गावाने मिळून वर्गणी काढली असेल, मूठ-मूठ धान्य विकले असेल, आणि या डोंगराला एक दर्शनी दार दिले. कोणाही एकाने आपले नाव पुढे केले नाही. गावाचे नाव घातले, पुरे झाले.

श्रोतेहो, सकाळी एका बंद झालेल्या दरवाजापासून आपण निघालो आणि संध्याकाळी एका गावाने दिलेल्या दरवाजापाशी आलो. दोन्ही दरवाजे याच नाशिकचे. कोणता आपला म्हणावयाचा, ते आपण ठरवावयाचे आहे.

शिक्षकांना जाता जाता एक काम सांगतो. सहल झाली की निबंध लिहून घेऊ नका. मुलांना त्यांच्याच गावात तेच तीन प्रश्न घेऊन सोडा. चावडी कोणी बांधली? विहीर कोणासाठी खणली? पाणवठ्यावर, पारावर, देवळाच्या पायरीवर पूर्वी कोणाला येऊ देत नसत, आणि ते केव्हा, कोणामुळे थांबले? म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती सांगतील, कधी अडखळत, कधी डोळ्यांना पदर लावून. वहीत नीट लिहून घ्या, साल विचारा, नाव विचारा. अशा पाच-पंचवीस वह्या जमल्या की तुमच्या गावाचा इतिहास तयार झाला. धंभिक गावाला एक ओळ मिळाली, ती दोन हजार वर्षे टिकली. आपल्या गावाची ओळ कोण लिहिणार?